प्रेषकाची साक्ष आणि फाइलची परीक्षा : वेब-फॉर्ममधील फाइल-स्वीकृतीचा इतिहास

जुना कागद हाती आला म्हणजे संशोधक प्रथम त्याचे बाह्यांग पाहतो आणि मग अंतरंग. कागद कोणत्या दप्तरातून आला, शिक्का कोणाचा, अक्षराचे वळण कोणत्या काळचे, हे एका बाजूस. आतील मजकूर ह्या सर्वांशी जुळतो की नाही, हे दुसऱ्या बाजूस. वेब-फॉर्ममधून सर्व्हरकडे येणाऱ्या फाइलींची परीक्षा कशी करावी, ह्या प्रश्नाचा इतिहासही बाह्यांगाकडून अंतरंगाकडेच गेलेला आढळतो. तथापि तो तेथे थांबला नाही. अंतरंग पाहूनही फाइलचे स्वरूप निश्चित होत नाही, असे पुढे निष्पन्न झाले. आणि ह्या इतिहासातील खरे महत्त्वाचे वळण तेच होय.

फॉर्ममधून फाइल पाठविण्याची सोय नोव्हेंबर १९९५ मध्ये 'आरएफसी १८६७' ह्या टिपणाने सुचविली गेली. झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल व लॅरी मॅसिंटर हे तिचे लेखक. तोपर्यंत फॉर्ममध्ये मजकूर लिहिता येई, पर्यायांवर खूण करता येई. फाइल मात्र जोडता येत नसे. लेखकद्वयाने इ-मेलसाठी १९९२ मध्ये सिद्ध झालेल्या 'माइम' पद्धतीतील बहुखंडी रचना उचलली. प्रत्येक खंडाच्या माथ्यावर फाइलचे नाव आणि तिचा प्रकार लिहावयाचा. हे दोन्ही तपशील पाठविणाऱ्याच्या बाजूनेच भरले जातात, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ब्राउझर ते बहुधा प्रामाणिकपणे भरतो; परंतु ब्राउझरऐवजी स्वतःच रचलेला संदेश पाठविण्यास कोणालाही आडकाठी नव्हती व नाही.

ह्याच टिपणातील सुरक्षिततेविषयीचा भाग बोलका आहे. त्यात प्रमुख चिंता आहे ती पाठविणाऱ्याची : वापरकर्त्याने स्पष्टपणे निवडली नाही अशी कोणतीही फाइल ब्राउझरने परस्पर पाठवू नये. आलेल्या फाइलचे काय करावे, हे घेणाऱ्यावर सोपवून लेखक पुढे जातात. त्या वेळच्या मानाने ही वाटणी गैर म्हणता येणार नाही. पुढील वीस वर्षांचा त्रास मात्र ह्या सोपवलेल्या बाजूनेच उद्भवला.

नेटस्केपच्या १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीने ही सोय उचलली आणि पीएचपीसारख्या भाषांनी ती सर्वांच्या आवाक्यात आणली. प्रारंभीच्या परीक्षा बाह्यांगाच्या होत्या. प्रकाराच्या रकान्यात 'इमेज/जेपेग' असे लिहिले असले की फाइल चित्राची मानावयाची, हा सर्वांत भोळा प्रकार. पाठविणाराने लिहिलेला हा प्रकार पीएचपी स्वतः तपासत नाही, अशी सूचना त्या भाषेच्या अधिकृत पुस्तिकेत द्यावी लागली. त्याहून थोडी बरी परीक्षा नावाच्या शेवटल्या अक्षरांची. परंतु अपाचे सर्व्हरची विशिष्ट मांडणी असेल, तर 'चित्र.पीएचपी.जेपीजी' अशा दुहेरी शेपटाच्या फाइलीतील मधले शेपूटही ग्राह्य धरले जाई, आणि चित्र म्हणून आलेली फाइल सर्व्हरवर कार्यक्रम म्हणून चालू लागे. फाइली ठेवण्याची जागा आणि कार्यक्रम चालविण्याची जागा एकच असल्यामुळे हे शक्य होत असे.

२००० साली तर अधिकच विलक्षण दोष उघडकीस आला. पीएचपीमध्ये फॉर्मच्या रकान्यांची आपोआप चले बनत, आणि आलेल्या फाइलचा तात्पुरता पत्ताही अशाच एका चलात राही. त्याच नावाचा साधा मजकुराचा रकाना पाठवून त्यात सर्व्हरवरील एखाद्या खाजगी फाइलचा पत्ता लिहिला, तर कार्यक्रम तीच फाइल 'नुकतीच आलेली' समजून पुढे हाताळी. येथे फाइल कोणत्या प्रकारची, हा प्रश्नच नव्हता. ती बाहेरून आली तरी आहे काय, हा होता. त्याच वर्षीच्या ४.०.३ ह्या आवृत्तीत फाइल खरोखर अपलोड झाली आहे की नाही हे पाहणारी स्वतंत्र फलने आली.

अंतरंग-परीक्षेची परंपरा वेबहून पुष्कळ जुनी. युनिक्समध्ये 'फाइल' नावाची आज्ञा निदान १९७३ पासून आहे. ती नावावर न विसंबता आरंभीचे काही अंक पाहून प्रकार सांगते. पीएनजी चित्राचा आरंभ ठराविक आठ बाइटांनी होतो, जिफ चित्राचा 'जिफ८७ए' किंवा 'जिफ८९ए' ह्या अक्षरांनी. ही मुद्रा तपासली की काम झाले, असा समज दृढ होता. २००८ मध्ये त्याला मोठा धक्का बसला. जिफची ओळख आरंभावरून पटते, तर झिप पद्धतीच्या फाइलची अनुक्रमणिका शेवटी असते. जावाचे 'जार' संच झिप पद्धतीचेच. दोहोंची जोड दिली की एकच फाइल एकाला निर्दोष चित्र व दुसऱ्याला निर्दोष कार्यक्रम दिसे. अशा फाइलींना गमतीने 'जिफार' म्हटले गेले. येथे कोणतीही मुद्रा बनावट नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

ॲडम बार्थ, हुआन काबाय्येरो व डॉन साँग ह्यांनी २००९ मध्ये मांडलेले उदाहरण विद्यापीठीय वाचकांना विशेष रुचावे. परिषदांसाठी शोधनिबंध स्वीकारणाऱ्या एका प्रणालीकडे पोस्टस्क्रिप्ट स्वरूपाचा निबंध पाठवावयाचा, पण त्यात एचटीएमएलचे तुकडे पेरावयाचे. प्रणालीला तो निबंधच दिसे. परीक्षकाने तो इंटरनेट एक्सप्लोरर ७ मध्ये उघडला की ब्राउझर स्वतःच्या अंदाजाने त्याला वेबपृष्ठ समजे, आणि परीक्षकाच्याच नावाने निबंधाला उत्तम अभिप्राय नोंदविला जाणे शक्य होई. निबंधाने स्वतःचेच परीक्षण करावे, ह्याहून सोयीची व्यवस्था कोणता लेखक मागेल! दोष प्रणालीचा की ब्राउझरचा, हा वाद येथे गौण आहे. परीक्षा घेणारा आणि पुढे वाचणारा ह्यांचे वाचनाचे नियम भिन्न होते, ही मुख्य गोष्ट. सर्व्हरने सांगितलेलाच प्रकार मानावा, स्वतः अंदाज बांधू नये, असे ब्राउझरला बजावणारा 'नोस्निफ' हा निर्देश मायक्रोसॉफ्टने २००८ मध्येच पुढे आणला होता. तो ह्याच अडचणीतून जन्मला.

मग चित्र उघडून ते नव्याने लिहून काढावे, म्हणजे आत लपविलेले गळून पडेल, हा उपाय पुढे आला. तो बऱ्याच अंशी उपयोगीही आहे. परंतु मे २०१६ मध्ये 'इमेजमॅजिक' ह्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनातील दोष प्रसिद्ध झाला. जेपेगचे नाव धारण केलेली, पण आत दुसऱ्याच पद्धतीची सूत्रे असलेली फाइल त्याला दिली, तर ते आतील पद्धत ओळखून तिच्याप्रमाणे वागे, आणि त्या वाटेने सर्व्हरवर आज्ञा चालविता येत. शुद्धीकरणाचे साधनच प्रवेशद्वार ठरले.

ह्या अनुभवांमुळे लक्ष फाइलवरून तिच्या निवासाकडे वळले. परक्याच्या फाइली निर्धोक ठरविणे जवळजवळ अशक्य असल्याचे मान्य करून, त्या मुख्य सेवेपासून तोडलेल्या निराळ्या डोमेनवर ठेवण्यामागील आपली भूमिका गूगलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. फाइलला नवे नाव देणे, ती कार्यक्रम चालत नाहीत अशा जागी ठेवणे, हे त्याच विचाराचे लहान रूप होय. मॅसिंटर ह्यांनी २०१५ मध्ये 'आरएफसी ७५७८' ह्या नावाने मूळ योजनेची सुधारित आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात पाठविणाऱ्याने दिलेले नाव डोळे झाकून वापरू नये व त्यातील मार्गाचा भाग टाकून द्यावा, असे घेणाऱ्यास स्पष्ट बजावले आहे. नाव व प्रकार हे दोन्ही रकाने मात्र पूर्वीप्रमाणे पाठविणाऱ्याकडेच राहिले.