मास्टर कृष्णराव आणि बुद्धवंदनेची चाल

१/ फुलशेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मुदखेडपासून नागपूरपर्यंत, विहार असो की लग्नमंडप, बुद्धवंदना एका सुरात म्हटली जाते. भाषा पाली. म्हणणाऱ्यांतील बहुतेकांनी ती कधी शिकलेली नसते, तरी शब्द मुखोद्गत असतात. या वंदनेच्या पहिल्या पावलांत एका शास्त्रीय गायकाचा मोठा वाटा आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/ १४ ऑक्टोबर १९५६. नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नांदेड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबरला तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. तीन आठवड्यांच्या आत इथल्या अनेकांचे राज्यही बदलले आणि धर्मही.

३/ दीक्षा एका दिवसात होते, उपासना रोज करावी लागते. आरत्या मागे सोडल्या, तर संध्याकाळी घरात काय म्हणायचे? बाबासाहेबांनी ‘बौद्ध पूजापाठ’ १९५६मध्येच सिद्ध केला. परंतु ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांच्यापर्यंत केवळ छापील पान पोहोचणार नव्हते. शब्द कानावाटे जायला हवे होते.

४/ हे काम बाबासाहेबांनी मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांकडे सोपवले. जन्म आळंदीचा, १८९८चा. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतले गायक-नट, प्रभातच्या ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांचे संगीतकार. ‘वंदे मातरम्’ समूहाला गाता यावे, यासाठीही ते झटले होते.

५/ वयाच्या ५८व्या वर्षी त्यांनी या कामासाठी पालीचा अभ्यास केला. उच्चार आणि अर्थ समजून घेऊन चाल बांधली. तिची ध्वनिमुद्रिकाही निघाली.

६/ पेच मात्र मोठा होता. धम्मवचने लांबवलेल्या, गाण्याच्या स्वरात म्हणू नयेत, असा इशारा पाली ग्रंथांत आहे. गाणारा स्वतःच्याच आवाजावर लुब्ध होतो, ऐकणाराही सुरात गुंततो आणि अर्थ मागे पडतो. ठेक्याने केलेल्या पठणाला मात्र मुभा आहे. अशा पाठाला चाल देताना गवयाची कसोटी तानेत नसते, संयमात असते.

७/ छंदाची मदत होती. वंदनेतील अनेक गाथा अनुष्टुभाच्या जवळच्या वृत्तात आहेत: आठ-आठ अक्षरांचे चरण. श्लोक ऐकलेल्या मराठी कानाला हा ठेका परका नव्हता. भाषा अनोळखी असली, तरी लय ओळखीची होती.

८/ पुष्पपूजेच्या गाथेचाच अर्थ पाहा. वाहिलेले फूल जसे कोमेजते, तसाच हा देहही विनाशाकडे जातो, असे ती सांगते.  फुले पिकवणाऱ्या मुदखेडच्या मातीत हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

९/ तरीही सगळे श्रेय चालीला देणे अन्यायाचे होईल. वंदना टिकवली ती वस्त्यावस्त्यांतील माणसांनी. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी मागे म्हणायचे. मग ती मुलांच्या तोंडी बसायची. आज विहारागणिक सुरांत फरक आढळतो, पाठ मात्र तोच असतो.

१०/ ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षेनंतर त्यांना जेमतेम आठ आठवडे मिळाले. ज्यांच्या कानांना पवित्र शब्द वर्ज्य ठरवले गेले होते, त्यांच्या मुखी तोवर स्वतःचा पाठ आला होता, आणि त्यासाठी कुणाच्या मध्यस्थीची गरज नव्हती.

११/ आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: वंदना त्यांना कुणी शिकवली, पुस्तकाने की आवाजाने? उत्तर लिहून ठेवा. हा इतिहास अजून माणसांच्या आठवणीत आहे.