रॅकेटची तात

टेनिसच्या रॅकेटमधील जाळीला आपल्याकडे ‘गटिंग’ म्हणतात. हा शब्द आतड्याच्या इंग्रजी नावावरून आला, आणि तो सार्थ आहे. ‘कॅटगट’ या नावात मांजर असले तरी ही तात मेंढीच्या, आणि पुढे गाईबैलांच्या आतड्याची. आपल्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला व सारंगीला जी तात, तिचीच ही बहीण! मेजर विंगफील्ड यांनी १८७४ साली इंग्लंडात या खेळाचे पेटंट घेतले. फ्रान्समधील लिओं शहरी बाबोला घराणे त्या काळी वाद्यांच्या तारा वळीत असे. पिएर बाबोला यांनी १८७५ साली तीच विद्या रॅकेटकडे वळविली.

या तातेत केवढे सामर्थ्य आहे ते १९७७ साली दिसले. पश्चिम जर्मनीतील वेर्नर फिशर या बागकाम जाणणाऱ्या गृहस्थाने उभ्या तारांचे दोन थर आडव्या तारांत न विणता मोकळे सोडले. त्या रॅकेटने मारलेला चेंडू असा काही गिरकी घेई की भलेभले गांगरले. रुमानियाचा इली नस्तासे प्रथम तिच्यापुढे हरला. मग काय, स्वतःच ती हाती घेऊन एक्स-आं-प्रोव्हान्सच्या अंतिम सामन्यात उतरला. मातीच्या कोर्टावर सलग ५३ सामने जिंकलेला गिलेर्मो विलास दोन सेट गमावून चिडून निघून गेला. त्या रॅकेटवर लगेच बंदी आली, आणि १९७८ साली नियमच झाला : तारा एकमेकींत विणलेल्या किंवा सांध्यांवर जोडलेल्या हव्यात.

तार तुटेपर्यंत जाळी बदलायची नाही, हा आपला घरगुती हिशेब. परंतु रॅकेट खुंटीवर टांगून ठेवली तरी तारांचा ताण उतरतच असतो. सैल जाळीवरून चेंडू लांब उडतो, ताबा सुटतो. अन् खेळणारा बिचारा स्वतःच्या मनगटाला दोष देतो! आतड्याची तात ताण सर्वांत जास्त टिकवते. पण ओल तिला सोसत नाही. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात तिचे काय होणार ते सांगायला नको! नायलॉन ओलीला दाद देत नाही, शिवाय स्वस्त. पॉलिएस्टरचे मात्र निराळे. १९९७ साली गुस्ताव्हो कुएर्तेनने फ्रेंच स्पर्धा तिच्या बळावर जिंकली, आणि सारे तिच्यामागे लागले. ती सहसा तुटत नाही. आतल्या आत मरते. मेलेल्या तारेचा हिसका कोपराला बसतो, आणि मुलांच्या कोवळ्या हातांना तर ती देऊच नये.

आठवड्यातून जितके दिवस खेळ, तितक्या वेळा वर्षातून गटिंग बदलावे, असा जुना ठोकताळा आहे. पॉलिएस्टरला तो अपुरा पडतो. तारा जेथे एकमेकींना छेदतात तेथे खाचा पडल्या, तातेचे धागे पिंजून वर आले, की दुकान गाठावे. पीट सॅम्प्रसच्या रॅकेटी तर दर सामन्यासाठी नव्याने ताणल्या जात; आणि रॉजर फेडररने उभ्या तारा आतड्याच्या व आडव्या पॉलिएस्टरच्या लावून दोन्ही सवतींना एकाच चौकटीत नांदविले.