पाहुणा खेळाडू आणि घरचं पोट्टं

एरवी मी पीक विमा, रस्ते नाहीतर पाणीटंचाईवर लिहितो. आज क्रिकेटवर लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. शेवटी एक कामही आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. चिखली तालुक्यात आमच्या गावाजवळ टेनिस बॉलचे सामने होते. सोयाबीन निघालेलं, हरभरा पेरून झालेला, पोरं रिकामी. आम्ही फायनलला पोचलो. आदल्या रात्री आमच्या कॅप्टननं जालन्याहून दोन खेळाडू आणले. येण्याजाण्याचा खर्च, रात्री मटण आणि जिंकलो तर बक्षिसात वाटा, असा सौदा. त्या दोघांसाठी संघातले दोन जण बसवले. त्यातला एक मी. आम्ही जिंकलो. जालन्याच्या त्या डावखुऱ्यानं जवळपास एकट्यानं सामना काढला. मी बाहेर बसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन जेवलो नाही.

काका म्हणाले, "आपल्या पोट्ट्याइले बसवून बाहेरचे कायले आनले रे? कप आला, पन तो कप कोनाचा?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. आपल्या विदर्भाच्या रणजी संघाकडे मी याच प्रश्नातून बघतो. २०१८ ते २०२५ या आठ वर्षांत आपण तीनदा रणजी जिंकलो, आणि तिन्ही वेळा संघात पाहुणे होते. मग तो कप कोणाचा?

आधी थोडा इतिहास, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना हेच माहीत नसतं की बुलढाण्याचा पोरगा 'महाराष्ट्र' संघाकडून का खेळत नाही. एका राज्यात रणजीचे तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. आपण वऱ्हाडातले, म्हणजे इंग्रजांच्या काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडातले. त्या नावाचा रणजी संघही होता. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, आपण मुंबई राज्यात आलो, आणि १९५७-५८ पासून विदर्भ स्वतःच्या नावानं रणजी खेळायला लागला. त्या जुन्या नात्याची खूण अजून शिल्लक आहे. दुलीप करंडकात मुंबई, महाराष्ट्र पश्चिम विभागात असतात, विदर्भ मात्र मध्य विभागात. म्हणून सिंदखेडराजाचा पोरगा विदर्भाचा, आणि तिथून तीसेक किलोमीटरवरच्या जालन्याचा पोरगा महाराष्ट्राचा. माझ्या जागी खेळलेला तो डावखुरा असा दुसऱ्या 'देशाचा' होता म्हणायचं!

आता पाहुण्यांबद्दल. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम संपला की हिवाळ्यात दुसरा खेळ सुरू होतो: कोणाला विकायचं, कोणाच्या बदल्यात कोणाला घ्यायचं. लोक मॅचइतकंच त्यावर भांडतात. बोस्टनच्या संघानं १९१८ मध्ये अजिंक्यपद मिळवलं, पुढच्याच वर्षाच्या शेवटी बेब रूथ नावाचा हिरा न्यूयॉर्कला एक लाख डॉलरला विकला, आणि नंतरचं अजिंक्यपद थेट २००४ मध्ये मिळालं. तिकडचे म्हातारे अजून तो सौदा विसरलेले नाहीत. रणजीत अशी खरेदी-विक्री नाही. इथं खेळाडू आपल्या असोसिएशनकडून ना हरकत पत्र, म्हणजे एनओसी घेतो आणि दुसऱ्या राज्याकडे जातो. बदल्यात त्या राज्याला काही मिळत नाही. पाहुणे घ्यायला मर्यादा आहे, अख्खा संघ बाहेरून भरता येत नाही. पण हंगाम संपला की पावसाळ्यापर्यंत हीच कुजबुज चालते: कोण नाराज आहे, कोण सोडतोय, कोणाला कुठून फोन आला.

आणि हे काही आयपीएलनं शिकवलेलं नाही. सी. के. नायडू नागपुरात १८९५ साली जन्मले. होळकर दरबारानं त्यांना इंदूरला बोलावलं, फौजेत हुद्दा दिला. 'कर्नल' नायडू म्हणतो ते त्यातूनच. पुढे ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. त्यांच्या भोवती होळकरांनी संघ उभा केला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशी माणसं त्यात होती. १९४४-४५ च्या फायनलला तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. युद्धाच्या काळात तो महूच्या छावणीत होता, त्याला उचलला. त्यानं नाबाद २४९ केल्या, तरी होळकर मुंबईकडून हरले. पुढच्या आठ वर्षांत मात्र होळकरांनी चार वेळा रणजी जिंकली.

मग संस्थानं गेली, दरबार गेला, १९५५ मध्ये तो संघही संपला. त्या भागाचा आजचा वारस म्हणजे मध्य प्रदेश. त्यांना रणजी कधी मिळाली? २०२२ मध्ये. होळकरांच्या शेवटच्या विजेतेपदानंतर ६९ वर्षांनी. माझ्या मते कारण सरळ आहे. दरबारानं खेळाडू आणले, पण नवे खेळाडू तयार करणारी सोय मागे ठेवली नाही. पैसा देणारा गेला तसे सगळे पांगले.

विदर्भाची अवस्था तर याहून वाईट. आपण आणत नव्हतो, आपले जात होते. नागपूरचा प्रशांत वैद्य बंगालकडून खेळला. वर्षानुवर्षं आपण खालच्या, प्लेट गटात. पहिला कसोटीपटू मिळायला २०११ उजाडलं: उमेश यादव, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा पोरगा. मधल्या काळात २००८ मध्ये जामठ्याचं स्टेडियम झालं आणि अकादमीचं काम सुरू झालं. स्टेडियमवर तेव्हा बरीच टीका झाली होती, मीही केली होती. मोठी इमारत बांधून खेळाडू होत नाहीत असं माझं म्हणणं होतं. अर्धं बरोबर होतं.

मग पाहुणे यायला लागले. तमिळनाडूचा बद्रीनाथ २०१४ मध्ये कर्णधार म्हणून आला. कर्नाटकचा गणेश सतीश आला. २०१५ मध्ये मुंबईचा वसीम जाफर आला. लोक हसले, म्हणाले पेन्शन घ्यायला आलाय. २०१६-१७ चा हंगाम तो दुखापतीमुळे खेळलाच नाही, तरी असोसिएशननं त्याचे ठरलेले पैसे दिले. पुढच्या हंगामात जाफरनं मानधन घेतलं नाही. मागच्या वर्षीचं घेतलंय, या वर्षी फुकट खेळतो म्हणाला. गावातल्या सामन्यात असा पाहुणा मी बघितला नाही.

त्याच वर्षी चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. कडक माणूस. कर्णधार आपलाच फैज फजल, गोलंदाजांना शिकवायला सुब्रतो बॅनर्जी. कोलकात्याच्या सेमीफायनलमध्ये कर्नाटकला १९८ हव्या होत्या, ते १९२ वर गारद. रजनीश गुरबानीनं सात बळी घेतले. हा पोरगा सिव्हिल इंजिनिअर! फायनल दिल्लीशी, आणि कुठं? इंदूरला, होळकर स्टेडियमवर. ज्या होळकरांनी नागपूरचे नायडू नेले, त्यांच्या नावाच्या मैदानावर नागपूरचा संघ मुंबईचा पाहुणा घेऊन उतरला. गुरबानीनं हॅटट्रिक घेतली. रणजी फायनलमधली ती फक्त दुसरी. १ जानेवारी २०१८ ला आपण नऊ गडी राखून जिंकलो. पहिला रणजी सामना खेळल्याला ६० वर्षं झाली होती.

आता काकांच्या प्रश्नाकडे या. त्या फायनलच्या अकरा जणांत पाहुणे किती? दोन, जाफर आणि सतीश. बाकी नऊ इथलेच. जाफरनं ७८ केल्या, पण सामना फिरवला तो अक्षय वाडकरनं. १३३, आयुष्यातलं पहिलं प्रथम श्रेणी शतक, तेही फायनलमध्ये. अकोल्याचा आदित्य ठाकरे तर त्याच सामन्यात पहिल्यांदा रणजी खेळला. पुढच्या वर्षी जामठ्यावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवलं, तेव्हा आदित्य सरवटेनं ११ बळी घेतले आणि पुजाराला दोन्ही डावांत त्यानंच काढला, १ आणि शून्यावर. जाफरनं त्या हंगामात हजाराच्या वर धावा केल्या, वय ४० ला टेकलेलं. पंढरकवड्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकायचा, त्यानं पहिल्या डावात नाबाद ७३ केल्या.

लगेच इराणी करंडक होता. सामना चालू असतानाच पुलवामा झालं. आपण जिंकलो आणि बक्षिसाचे दहा लाख शहिदांच्या कुटुंबांना दिले. त्या जवानांत दोघं आपल्या जिल्ह्याचे होते, एक मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातला. त्या दिवशी क्रिकेटच्या बातमीला आमच्याकडे कोणी टाळी वाजवली नाही, पण ती बातमी सगळ्यांनी वाचली.

पंडित गेले. पुढे २०२२ मध्ये मध्य प्रदेशला ती ६९ वर्षांनंतरची रणजी त्यांनीच मिळवून दिली. जाफर २०२० मध्ये निवृत्त झाला. मला वाटलं, झालं, होळकरांसारखं आपलंही संपलं. नाही संपलं. २०२४ ची फायनल आपण मुंबईत हरलो, पण ५३८ चा पाठलाग करताना ३६८ पर्यंत गेलो. तेव्हा संघात करुण नायर होता. कसोटीत त्रिशतक काढलेला, तरी स्वतःच्या राज्यानं वगळलेला. २०२२ मध्ये त्यानं जाहीरपणे क्रिकेटकडेच आणखी एक संधी मागितली होती. ती विदर्भानं दिली. मार्च २०२५ मध्ये केरळला पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर मागं टाकून तिसरी रणजी आली. करुणनं ८६ आणि १३५ केल्या, दानिश मालेवारनं १५३. पण हंगामभर सगळ्यांत जास्त धावा कोणाच्या? यश राठोडच्या, ९६०. आणि हर्ष दुबेचे ६९ बळी हा रणजीच्या एका हंगामाचा विक्रम आहे. कर्णधार कोण? तोच अक्षय वाडकर.

त्या फायनलमध्ये मला खुपलेली एक गोष्ट सांगतो. केरळकडून ७९ धावा करून आपल्याला घाम फोडणारा कोण होता? आदित्य सरवटे. आपला ११ बळीवाला, तेव्हा तिकडचा पाहुणा. गुरबानीही महाराष्ट्राकडे गेला. आपण घेतो तसे देतोही. २०२५ च्या हंगामाआधी करुण कर्नाटकात परतला आणि अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. काही जण चिडले. मी नाही चिडलो. ऑक्टोबरमध्ये करुण नसताना इराणी करंडक ९३ धावांनी जिंकला, अकोल्याच्या अथर्व तायडेनं १४३ केल्या. पाहुणा गेल्यावर घर चालतंय की नाही, हे मी असंच मोजतो.

पण आता माझी खरी तक्रार. वर परत एकदा वाचा. अकोला आलं, अमरावती आली, पंढरकवडा आलं. आपला जिल्हा फक्त पुलवामाच्या परिच्छेदात आला. ज्या नावांवर मी ही अख्खी पोस्ट लिहिली त्यात घाटावरचं नाही आणि घाटाखालचंही नाही.

हुशारी कमी आहे असं नाही. मी इथं टेनिस बॉलवर असे गोलंदाज बघितलेत की पायाचं बोट वाचवावं लागतं. पण लेदर बॉल हातात पडतो तेव्हा वय सोळा-सतरा झालेलं असतं. चांगली टर्फ विकेट रोज मिळत नाही. नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी झाल्यापासून गाडीवाल्याला सोपं झालं, एसटीनं जाणाऱ्याला रात्र घालवावीच लागते. चौदा वर्षांच्या पोराला एकटं पाठवायचं कसं? बापानं सोबत जायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते. आणि आपल्या स्थानिक स्पर्धांचे आयोजक बक्षिसाची रक्कम वाढवतात, डीजे आणतात, नेत्यांचे बॅनर लावतात, बाहेरून पाहुणे आणतात. सामना संपला की पाहुणा गाडीत बसून जातो. त्या पैशातून तालुक्याला एक मॅटिंग विकेट आणि वर्षभराचा एक कोच सहज होईल. जे आयोजक माझ्या यादीत आहेत त्यांनी राग मानू नये. मानला तरी चालेल. पाहुणा आणायचाच असेल तर महिनाभरासाठी आणा, सकाळी पोरांना शिकवायला लावा आणि संध्याकाळी खेळवा.

काका आता नाहीत. असते तर त्यांना सांगितलं असतं की इंदूरचा कप आपलाच होता, आपल्या गावचा तो कप मात्र जालन्याचा होता. ते मला बसवण्याबद्दल बरोबर बोलत होते.

आता काम. माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे, डावखुरा फिरकी टाकतो. पुढच्या निवड चाचणीला त्याला आणि गावातल्या आणखी दोन पोरांना नागपूरला न्यायचंय. तिघांचे बाप येऊ शकत नाहीत, मी जातोय. नागपुरात चार जणांची दोन रात्री सोय होईल असं कोणाचं घर असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. जेवणाचं आम्ही बघू. एक जुनी लेदर बॉलची किट पडून असेल तर तीही चालेल, पॅड डावखुऱ्याचे असले पाहिजेत असं काही नाही.