फंकला मी चार मार्क दिले होते



मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच मागणीचे आले. "भाऊ, क्लासिक रॉक आणि फंक अल्बमची तुझी यादी टाक ना, मार्कांसकट." यादी आहे माझ्याकडे. बीटेकच्या सेकंड इयरपासून आहे. साधी एक्सेल शीट: अल्बम, बँड, वर्ष आणि दहापैकी मार्क. आज ती तुमच्यासमोर उघडणारच होतो. पण रेकॉर्डिंगच्या आधी एकदा वरून खाली नजर टाकली आणि खरं सांगतो, लाज वाटली.

लेड झेपलिनचा चौथा अल्बम, १९७१: साडेनऊ. डीप पर्पलचा 'मशीन हेड', १९७२: नऊ. पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून', १९७३: दहापैकी दहा, इथवर ठीक आहे. आता खाली या. स्लाय अँड द फॅमिली स्टोनचा 'देअर्स अ रायट गोइंग ऑन', १९७१: चार. पार्लमेंटचा 'मदरशिप कनेक्शन', १९७५: पाच. आणि शेरा काय, तर "एकच गोष्ट परत परत वाजवतात."

काहून बे असं लिहिलं मी?

याचं पहिलं कारण अगदीच फालतू आहे. हॉस्टेलच्या रूममध्ये आम्ही मोबाईल स्टीलच्या ग्लासात उभा ठेवून गाणी ऐकायचो. तुम्हीही केलं असेल. आवाज वाढतो, पण कुठला आवाज? बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर साधारण ४१ हर्ट्झला घुमते. मोबाईलच्या नखाएवढ्या स्पीकरला तो सूर काढताच येत नाही. इलेक्ट्रिक गिटारची किंकाळी आणि गायकाची आरोळी मात्र त्यातून व्यवस्थित बाहेर येते. म्हणजे रॉकचं बरंचसं शिल्लक राहतं आणि फंकमधलं फंकच गळून जातं. तर्री काढून सावजी खायचं आणि वर म्हणायचं, चव नाही! मी अल्बमला नाही, ग्लासाला मार्क देत होतो.

दुसरं कारण कळायला एक दिवाळी लागली. सुट्टीत सावनेरला घरी आलो होतो. माझा एक मित्र भजनी मंडळात ढोलकी वाजवतो. त्याच्या कानाला चांगले हेडफोन लावले आणि जेम्स ब्राउन सुरू केलं. इंग्रजी शब्दांशी त्याला काही देणंघेणं नाही. दोन मिनिटांत त्याचा हात स्वतःच्या गुडघ्यावर पडायला लागला, दर वेळी एकाच जागी. म्हणाला, "अरे, हे तर समेवर येऊन राहिले सगळे."

मी चार वर्षं इंटरनेटवर वाचूनही मला जे नीट समजलं नव्हतं ते हेच. साध्या रॉकमध्ये ड्रमचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. जेम्स ब्राउन आपल्या वादकांना सांगायचा की काय वाट्टेल ते करा, पण पहिल्या मात्रेवर या. त्याला तो 'द वन' म्हणायचा. बेस, ड्रम, गिटार, ब्रास, प्रत्येकाकडे एवढासा तुकडा असतो, आणि सगळे आपापल्या गल्लीतून येऊन त्या एका चौकात भेटतात. आपली सम आणि त्यांचा वन तंतोतंत एकच नाहीत, आपल्या तालाचा हिशोब वेगळा आहे. पण वाट बघायला लावून तिथे पोचवण्याचा आनंद तोच. लग्नाच्या वरातीत संदल ऐकून नाचणारा माणूस "परत परत तेच वाजवतात" अशी तक्रार करत नाही ना? मग मी का केली?

कारण मार्क देण्याची पद्धत मी उसनी आणली होती. तिचा इतिहास थोडक्यात सांगतो.

अमेरिकेत १९६९ मध्ये रॉबर्ट क्रिस्टगाउ नावाच्या समीक्षकाने 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात 'कन्झ्युमर गाइड' सुरू केलं. थोडक्यात परीक्षण आणि शाळेसारखी ग्रेड. नावातच बघा, कन्झ्युमर. रेकॉर्ड विकत घ्यायला पैसे लागायचे, घेण्याआधी पूर्ण ऐकायला मिळेलच असं नव्हतं, म्हणून कोणीतरी सांगायचं की ही घ्या आणि ती सोडा. आज तुमच्या-माझ्या फोनवर सगळंच पडलंय. पैशांचा प्रश्न मागे पडला, वेळेचा उरला, पण मार्कांची सवय तशीच राहिली.

आणि ते मार्क किती टिकतात? त्याच १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने लेड झेपलिनचा पहिला अल्बम चांगलाच झोडपला होता. याच मासिकाने २००३ मध्ये पाचशे सर्वोत्तम अल्बमची यादी काढली, तेव्हा बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' पहिला होता आणि मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' सहावा. २०२० मध्ये नव्याने मतं मागवली. मार्विन गे पहिला आला आणि 'सार्जंट पेपर्स' थेट चोविसावा. स्टीव्ही वंडरचा 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' छप्पन्नवरून चौथ्या नंबरवर. रेकॉर्डवरची एक खाचही बदलली नव्हती. मतं देणारे बदलले होते.

पण माझा खरा आक्षेप नंबरांना नाहीच, 'अल्बम' या रकान्याला आहे. रॉकवाल्यांनी साठच्या दशकाच्या शेवटी अल्बमलाच कलाकृती मानायला सुरुवात केली. फंक मात्र बराच काळ सिंगल रेकॉर्डवर वाढलं. ज्याला पहिलं फंक गाणं म्हणतात ते 'कोल्ड स्वेट' १९६७ चं सिंगल. क्लाइड स्टबलफील्डने ज्यात ड्रम वाजवले ते 'फंकी ड्रमर' १९७० चं सिंगल, आणि ते अल्बमवर आलं १९८६ मध्ये. मधल्या सोळा वर्षांत माझ्यासारखा कोणी शीट भरत बसला असता तर हे गाणं त्याला दिसलंच नसतं. पुढे हिप-हॉपवाल्यांनी त्या ड्रमचा तुकडा इतक्या गाण्यांत वापरला की मोजदाद नाही. स्टबलफील्ड २०१७ मध्ये गेला. त्या तुकड्यांची रॉयल्टी त्याला मिळाली नाही, कारण गाण्याच्या कागदावर त्याचं नाव नव्हतं.

आता मुंबईला या. सत्तरच्या आसपास तिथेही रॉक जोरात होतं. 'सिमला' नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी कंपनीने 'सिमला बीट' ही बँडची स्पर्धा भरवली. तिच्या १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्ड निघाल्या, म्हणून त्या पोरांचे आवाज आज आपल्याला ऐकू येतात. सिगारेट कंपनीचे आभार मानायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण असो. कीथ कांगाचा 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' हा मुंबईचा नावाजलेला बँड. त्यांचा 'ऑब्सेशन' अल्बम बाजारात आला तोवर बँडचे दिवस सरले होते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नाऊ-अगेन रेकॉर्ड्सने तो पुन्हा काढला, तेव्हा कुठे जगभरच्या फंकवेड्यांनी त्याला उचलून धरलं. माझे मार्क सात. त्यात जिमी हेंड्रिक्सचं 'फॉक्सी लेडी' आहे, ते आधी ऐका.

आणि नंदू भेंडे. इथे मी जरा थांबणार आहे.

जुनं मराठी नाटक बघणारे आई-बाबा घरी असतील तर आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे ही नावं त्यांना विचारा. बबन प्रभूंसोबतच्या फार्सवाले आत्माराम भेंडे. नंदू हे त्यांचे चिरंजीव, आणि पक्के रॉक गायक. 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा परदेशात १९७० मध्ये आधी अल्बम म्हणून आला आणि नंतर रंगमंचावर गेला. अलेक पदमसींनी तो १९७४ मध्ये मुंबईत केला, त्यात जुडासची भूमिका नंदू भेंडेंची होती. ज्यांना हे नाटक माहीत आहे त्यांना कळेल की जुडासला किती अवघड, घसा फाडणारी गाणी आहेत. मग १९७८ मध्ये 'तीन पैशाचा तमाशा'. ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'चं पु. लं.नी केलेलं मराठी रूप, दिग्दर्शक जब्बार पटेल, थिएटर अ‍ॅकॅडमीची निर्मिती, आणि मुख्य भूमिकेत पुन्हा नंदू भेंडे. मराठी नाटकात, आपल्या गाण्याच्या परंपरेशेजारी उभं राहून एक माणूस रॉक गात होता, आणि लोक तिकीट काढून ऐकत होते. २०१४ मध्ये ते गेले.

मी शीटमध्ये त्यांची ओळ टाकली. वर्ष १९७४, नाव नंदू भेंडे. अल्बमच्या रकान्यात काय लिहू? त्यांचं सगळ्यात मोठं काम स्टेजवर झालं. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना माहीत आहे की रिकामी जागा म्हणजे शून्य नाही. पण सरासरी काढताना जरा चुकलं की सिस्टीम तिला शून्यच धरते. आपण इतिहासात नेमकी हीच चूक करतो आणि वर म्हणतो, "भारतात तेव्हा रॉक होतंच कुठे?"

होतं की. काही स्टेजवर विरलं, काही सिनेमात लपलं. १९७८ च्या 'डॉन'मधलं 'ये मेरा दिल' घ्या. संगीत कल्याणजी-आनंदजी, आवाज आशाताईंचा. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीजने त्याचा तुकडा उचलून 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' केलं आणि ग्रॅमी घेतलं. आणि काही विमानात बसून निघून गेलं: मुंबईत वाढलेल्या आशा पुथली ऑर्नेट कोलमनच्या १९७२ च्या 'सायन्स फिक्शन' या जॅझ अल्बमवर गायल्या. त्यांचा १९७६ चा 'द डेव्हिल इज लूज' जर्मनीत तयार झाला. त्यातलं 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या डान्स पार्ट्यांत गाजलं, आणि १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी.च्या गाण्यात सापडलं. नऊ मार्क, आणि हे हेडफोन लावून दिलेले आहेत.

आमच्या सावनेरला २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी वारले. वय अवघं ३३. 'एकच प्याला' रंगमंचावर आलं ते त्यानंतर. शाळेत हे दर वर्षी भाषणात ऐकायचो आणि मागच्या रांगेत जांभया द्यायचो. आता बसने नागपूरला जाताना कानात 'ऑब्सेशन' वाजत असलं की ते भाषण आठवतं.

तर यादी. शीट मी पुन्हा भरायला घेतलीय. दोन रकाने वाढवलेत: "कशावर ऐकलं" आणि "कितव्यांदा ऐकलं". 'रायट' आता नऊ, 'मदरशिप कनेक्शन' साडेआठ. 'मशीन हेड' आठवर आला, डीप पर्पलवाल्यांनी शिव्या कमेंटमध्ये द्याव्यात. 'डार्क साइड' दहाच राहणार, त्यावर चर्चा नाही.

नंदू भेंडेंची ओळ पिवळ्या रंगात तशीच ठेवलीय. तुमच्या घरात, नात्यात कोणी १९७४ चा तो जुडास किंवा 'तीन पैशाचा तमाशा' थिएटरात बसून पाहिला असेल तर त्यांच्यासमोर फोन धरा आणि काय आठवतं ते बोलू द्या. कसं गायले, थिएटरात लोक काय करत होते, आवाज मागच्या खुर्चीपर्यंत पोचत होता का. व्हॉइस नोट कितीही लांब असली तरी चालेल, मी पूर्ण ऐकेन. हेडफोन लावून.