अर्धस्फटिकी बहुवारिकांतील आकार्य विरूपणाची प्रतिमाने

अर्धस्फटिकी बहुवारिकावर, म्हणजे पॉलिमरवर, भार दिला असता त्याच्या आकारात जो कायमचा बदल होतो त्यास आकार्य विरूपण म्हणतात. हा बदल किती प्रतिबलाला सुरू होतो व पुढे कसा वाढतो, हे गणिताने वर्तविण्यासाठी प्रतिमाने मांडली गेली आहेत. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन व नायलॉन ही या वर्गातील परिचित बहुवारिके होत.

संरचना

वितळलेले पॉलिथिलीन थंड होताना त्याच्या लांब रेणुसाखळ्या घड्या घालून पातळ स्फटिकी पापुद्रे बनवतात. ही घडी अँड्र्यू केलर यांनी १९५७ मध्ये ओळखली. पापुद्र्याची जाडी साधारणपणे १० ते २० नॅनोमीटर असते. दोन पापुद्र्यांमधील भाग अस्फटिकी असून त्यातील साखळ्या अस्ताव्यस्त गुंतलेल्या असतात. काही साखळ्या शेजारच्या दोन पापुद्र्यांत शिरून त्यांना बांधून ठेवतात.

विरूपणाची क्रिया

पॉलिथिलीनच्या पिशवीची पट्टी हळूहळू ओढली असता ती एका जागी अरुंद होते व तो अरुंद भाग पट्टीभर पसरत जातो. प्रथम मऊ अस्फटिकी भाग ताणला जातो. प्रतिबल वाढल्यावर स्फटिकांतील थर एकमेकांवरून सरकतात. अखेरीस पापुद्रे तुटून त्यांचे तुकडे ओढीच्या दिशेने मांडले जातात व तंतू बनतात. हे तंतू अधिक भार पेलतात, म्हणून अरुंद भाग लगेच तुटत नाही.

प्रमुख प्रतिमाने

हॉवर्ड व थॅकरे (१९६८) यांनी काचसदृश बहुवारिकांसाठी स्प्रिंग व श्यान घटक यांच्या जोडणीचे प्रतिमान मांडले. त्यात तापमान व ओढण्याचा वेग यांचा परिणाम येतो. स्फटिकांचा स्वतंत्र विचार मात्र नाही. यंग (१९७४) यांनी पॉलिथिलीनमधील विरूपणाचा आरंभ स्फटिकातील रचनादोषांच्या सरकण्याशी जोडला. त्यावरून जाड पापुद्र्यांना अधिक प्रतिबल का लागते, हे उलगडते. ली, पार्क्स व आहझी (१९९३) यांनी स्फटिकी व अस्फटिकी थरांची जोडी हे एकक मानले. साखळीच्या दिशेने स्फटिक जवळजवळ ताणला जात नाही. ती उणीव लगतचा अस्फटिकी थर भरून काढतो.

मर्यादा व महत्त्व

अनेक प्रतिमानांत विरूपणकाळी आकारमान स्थिर राहते असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात ताणताना सूक्ष्म पोकळ्या निर्माण होऊ शकतात. दाबाखालील पॉलिथिलीन नळ्यांचे आयुष्य ५० वर्षे धरतात. अल्प प्रतिबलाखाली दीर्घकाळ राहिलेली नळी फारशी न ताणता, सावकाश वाढणाऱ्या भेगेने फुटू शकते. म्हणून अल्पकालीन ताण-चाचणीशी जुळणारे प्रतिमान दीर्घ आयुष्याची हमी देत नाही.