पूर्वगामी भविष्यकाळ : एका फ्रेंच क्रियारूपाचा इतिहास आणि वाङ्मयेतिहासाचे व्याकरण

१

फ्रेंच भाषेच्या प्राथमिक व्याकरणात 'फ्यूत्यूर आँतेरिअर', म्हणजे पूर्वगामी भविष्यकाळ, हे प्रकरण बहुधा दोन पृष्ठांत आटोपते. 'आव्वार' किंवा 'एत्र' या साहाय्यक क्रियापदाचे भविष्यरूप घ्यावे, त्यास मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित जोडावे, म्हणजे रूप सिद्ध होते. 'जॉरे फिनी' म्हणजे 'माझे (तोपर्यंत) संपलेले असेल'. विद्यार्थी हे रूप पाठ करतो आणि पुढे जातो. परंतु याच रूपाने विसाव्या शतकातील फ्रेंच विचारात एक मोठी कामगिरी बजावली आहे. बेर्गसाँ, लाकाँ, बार्त आणि ल्योतार या चौघांच्याही लेखनात एखादा निर्णायक विचार नेमका या क्रियारूपाच्या आधाराने उभा राहतो. असे असता हे रूप मराठीत कसे आणावे, हा प्रश्न केवळ अनुवादकाच्या सोयीचा राहत नाही. प्रस्तुत निबंधात या रूपाचा इतिहास पाहून, मराठीशी त्याची तुलना करून, वाङ्मयेतिहासाच्या लेखनाशी त्याचा काय संबंध पोहोचतो हे तपासावयाचे आहे.

२

अभिजात लॅटिन भाषेत साधा भविष्यकाळ आणि पूर्ण भविष्यकाळ ही दोन्ही रूपे प्रत्ययांनी सिद्ध होत. 'कान्ताबो' म्हणजे 'मी गाईन', तर 'कान्तावेरो' म्हणजे 'मी गाऊन झालेले असेल'. उच्चारातील बदलांमुळे ही व्यवस्था ढासळली. 'कान्ताबित' (गाईल) आणि 'कान्ताविट' (गायला) यांतील 'ब' आणि 'व' यांचा भेद बोलण्यात पुसला गेला; भविष्य आणि भूत कानाला सारखेच ऐकू येऊ लागले. या गोंधळातून लोकभाषेने 'कान्तारे हाबेओ' ही पर्यायी रचना पुढे आणली. तिचा शब्दशः अर्थ 'मला गावयाचे आहे' असा होतो. हीच रचना आक्रसून फ्रेंचमध्ये 'शाँतरे' हा साधा भविष्यकाळ झाली. इ. स. ८४२ च्या स्ट्रासबूर्ग येथील शपथांत, म्हणजे फ्रेंच भाषेच्या सर्वांत जुन्या लिखित साक्षीत, ही जोडरूपे एकजीव झालेली दिसतात.

दुसरीकडे, लॅटिनमध्ये 'हाबेओ' (माझ्यापाशी आहे) या क्रियापदाबरोबर धातुसाधित विशेषण वापरण्याची रीत होती. 'माझ्यापाशी पत्रे लिहिलेली आहेत' अशा वाक्यापासून 'मी पत्रे लिहिली आहेत' या अर्थाचा पूर्णकाळ तयार झाला. 'जॉरे शाँते' या रूपात हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. 'ओरे' हे 'हाबेरे' आणि 'हाबेओ' यांच्या संयोगातून आले आहे. म्हणजे 'असणे-बाळगणे' या अर्थाचे एकच क्रियापद या रूपात दोनदा वसलेले आहे: एकदा पुढे व्हावयाच्या गोष्टीचे बंधन म्हणून आणि एकदा पूर्ण झालेल्या गोष्टीचा ताबा म्हणून. जे अद्याप व्हावयाचे आहे ते झालेले म्हणून हाती धरणे, हा या रूपाचा अर्थ त्याच्या घडणीतच आहे.

रूपावलीसंबंधी एक गोष्ट लक्षणीय आहे. लेखनात 'आव्वार'ची भविष्यरूपे सहा असली, तरी उच्चारात ती ओरे, ओरा, ओरा, ओरों, ओरे, ओरों अशी तीनच उरतात. पुरुष आणि वचन यांचा भेद सर्वनामच वाहून नेते. 'एत्र' साहाय्यक असता धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. 'आव्वार' असता ते कर्माप्रमाणे बदलते, पण कर्म आधी आले तरच. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियन भाषेच्या आदर्शावर हा नियम पुरस्कारिला. मराठी वाचकास यात परकेपणा वाटू नये. 'ती गेली असेल' येथे कर्तरी प्रयोग आणि 'त्याने चिठ्ठी लिहिली असेल' येथे कर्मणि प्रयोग असून, कृदन्ताने कर्माला अनुसरणे हा मराठीचा नित्यधर्म आहे.

३

व्याकरणकारांनी या रूपाचे स्थान कसे निश्चित केले, हा इतिहासही उद्बोधक आहे. आर्नो आणि लाँसलो यांच्या पोर-रोयाल व्याकरणाने (१६६०) अर्थदृष्ट्या संयुक्त असलेल्या काळांत याची गणना केली, कारण त्यात भविष्य आणि भूत यांचा एकत्र संबंध येतो. निकोला बोझे यांनी आपल्या 'ग्रामेर जेनेराल' (१७६७) या ग्रंथात काळ म्हणजे एखाद्या संदर्भबिंदूशी असलेले समकालिक, पूर्वगामी किंवा उत्तरगामी नाते, अशी व्याख्या केली आणि या रूपास भविष्यात न घालता भूतकाळाच्या वर्गात बसविले. एमील बाँव्हनिस्त यांनी फ्रेंच क्रियापदातील कालसंबंधांवरील आपल्या १९५९ च्या निबंधात पूर्वगामी रूपे स्वतःहून काळ दर्शवीत नाहीत, ती सोबतच्या साध्या रूपाशी असलेले पूर्वापरत्वच दर्शवितात, असे प्रतिपादिले.

हान्स रायशेनबाख यांनी १९४७ मध्ये भाषणक्षण, घटनाक्षण आणि संदर्भक्षण अशी त्रयी मांडली. तिच्या साहाय्याने या रूपातील खरी संदिग्धता स्पष्ट होते. संदर्भक्षण भविष्यात आहे आणि घटना त्याच्या आधी आहे, एवढेच हे रूप सांगते. घटना भाषणक्षणानंतर घडावयाची आहे, आत्ता घडत आहे की आधीच घडून गेली आहे, याविषयी ते मौन पाळते.

४

या मौनातून तीन प्रयोग संभवतात, आणि येथेच मराठीशी तुलना फलदायी ठरते.

पहिला प्रयोग पूर्वापरत्वाचा. 'माझे काम झाले की मी निघेन' या वाक्यात मराठी सरळ भूतरूप वापरते; 'की' हे अव्ययच त्यास भविष्यात नेऊन ठेवते. 'काम झाल्यावर' असेही आपण म्हणतो. फ्रेंचमध्ये मात्र 'काँ' (जेव्हा) नंतर पूर्वगामी भविष्य योजणे आवश्यक असते. दुसरा प्रयोग तर्काचा. 'इल ओरा माँके सों त्रँ' आणि 'त्याची गाडी चुकली असेल' ही वाक्ये रचना आणि अर्थ या दोन्ही बाबतींत जवळजवळ एकरूप आहेत. तिसरा प्रयोग निष्कर्षाचा. एखाद्याच्या निधनानंतर फ्रेंच लेखक त्याच्याविषयी 'त्याने आपले शतक व्यापले' हे पूर्वगामी भविष्यात लिहितो. येथे शंका नसते. उलट उद्याचा हिशेब आजच मिटविण्याची निश्चिती असते.

मराठीची अडचण या तिसऱ्या प्रयोगात आहे. शालेय व्याकरणांत 'मी लिहिले असेन' हे पूर्ण भविष्यकाळाचे उदाहरण म्हणून दिले जाते. पण प्रत्यक्ष व्यवहारात 'असेल' या रूपावर तर्काने जवळजवळ पूर्ण ताबा मिळविला आहे. 'उद्या पाचपर्यंत मी पोहोचलेलो असेन' असे कालदर्शक पद जोडल्याशिवाय भविष्याचा अर्थ स्थिर होत नाही. त्यामुळे निश्चितीचे फ्रेंच वाक्य मराठीत शब्दशः आणले की ते संशयाचे वाक्य होऊन बसते.

५

याचे परिणाम किती दूरगामी आहेत, हे दोन उदाहरणांनी दाखविता येईल. रोलाँ बार्त यांच्या 'ला शाँब्र क्लेर' (१९८०) या ग्रंथात अलेक्झांडर गार्डनर यांनी १८६५ साली काढलेल्या लुईस पेनच्या छायाचित्राचे विवेचन आहे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सूअर्ड यांच्यावर हल्ला केलेला हा तरुण कोठडीत फाशीची वाट पाहत आहे. तो मरणार आहे आणि तो केव्हाच मेला आहे, या दोन्ही गोष्टी पाहणाऱ्यास एकाच वेळी जाणवतात; बार्त या भयास पूर्वगामी भविष्याचेच नाव देतात. आता मराठीत 'तो मेलेला असेल' असे लिहिले, तर वाचक त्याचा अर्थ 'बहुधा मेला असावा' असा करील. मृत्यूची अटळता जाऊन तेथे केवळ एक अंदाज उरेल.

दुसरे उदाहरण आँरी बेर्गसाँ यांचे. 'शक्य आणि वास्तव' या विषयावरील त्यांचा निबंध १९३० सालचा आहे. उद्याची थोर नाट्यकृती कशी असेल, असा प्रश्न त्यांना महायुद्धाच्या काळात विचारण्यात आला होता. ते ठाऊक असते तर मी ती लिहिलीच असती, असे त्यांचे उत्तर होते. त्यापुढील विचार असा: अशी कृती आज 'शक्य' नाही, ती प्रत्यक्षात आल्यावर तिची शक्यता मागे भूतकाळात पडते आणि ती पूर्वीपासून शक्य होती असे होते. येथेही 'शक्य असेल' हा अनुवाद विचाराचा घात करतो. ल्योतार यांनी १९८२ च्या निबंधात आधुनिकोत्तर कलावंत नियमांवाचून काम करतो आणि जे उद्या केलेले म्हणून उभे राहील त्याचे नियम शोधतो असे म्हटले. लाकाँ यांनी १९५३ च्या रोम येथील प्रबंधात मी आता जे होत आहे त्यासाठी मी जे होऊन गेलेलो असेन, त्यातून आत्मेतिहास घडतो असे मांडले. भारतात हे विचार बहुतांशी इंग्रजीमार्गे आले. इंग्रजी रूपही संयुक्त असल्याने त्याचा 'असेल' हा मराठी पर्याय सहज सुचतो आणि चूक नजरेस येत नाही.

६

मग मराठीपाशी निश्चितीचे साधन नाही काय? आहे; परंतु ते काळाच्या रूपावलीत नसून शब्दसंपत्तीत आहे. ते साधन म्हणजे 'ठरणे' हे क्रियापद. 'ती कृती आज शक्य नाही; पण ती आधीपासून शक्य होती असे उद्या ठरेल', असा बेर्गसाँच्या विचाराचा अनुवाद केल्यास त्यात संशय शिरत नाही. 'ठरणे' या क्रियापदात निर्णयाचा क्षण आहे, निर्णय करणारा पडद्याआड आहे, आणि ज्याविषयी निर्णय होतो ते मात्र आधीच घडून गेलेले आहे.

आपल्या वाङ्मयेतिहासाने हे क्रियापद मुबलक वापरले आहे, आणि बहुधा न पारखता. केशवसुत (१८६६–१९०५) आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक ठरले, असे आपण लिहितो. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. प्रवर्तक म्हणवून घेण्यास मागून येणारे लागतात. ते आल्यावरच केशवसुत आधीपासून प्रवर्तक होते असे झाले. बोर्हेस यांनी काफ्काच्या पूर्वसूरींवरील १९५१ च्या निबंधात प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी स्वतः निर्माण करतो असे म्हटले, ते याच अर्थाने.

तौलनिक अभ्यासकावर यातून एक जबाबदारी येते. 'होते' आणि 'ठरले' या दोन क्रियापदांत त्याने भेद राखला पाहिजे. एखादी कृती तिच्या काळात काय होती हा एक प्रश्न. नंतरच्या कोणत्या क्षणावरून, कोणाच्या दृष्टीने ती काय ठरली, हा दुसरा. फ्रेंच भाषा हा संदर्भक्षण क्रियारूपातच गृहीत धरते. मराठीने तो वाक्यात उघड सांगावा. 'असेल'च्या संशयात तो हरवतो आणि 'होते'च्या निश्चितीत तो दडपला जातो. ज्या वाङ्मयेतिहासात तो सांगितलेला नसतो, तेथे उत्तरकाळाचा निवाडा पूर्वकाळाची वस्तुस्थिती म्हणून नोंदला जातो, आणि जे कवी कशाचेच प्रवर्तक ठरले नाहीत ते जणू कधी नव्हतेच, असे होऊन बसते.