सौंदर्य, शिष्यवृत्ती आणि सेवा : मिस अमेरिका स्पर्धेतील परीक्षणपद्धतीचा इतिहास

प्रस्तावना

कोणत्याही स्पर्धेचा निकाल लोकांच्या स्मरणात राहतो. तो निकाल ज्या गुणतक्त्याच्या आधारे लागला तो तक्ता मात्र विस्मरणात जातो. वास्तविक इतिहासाच्या अभ्यासकाला विजेत्याच्या नावापेक्षा गुणतक्ताच अधिक सांगून जातो. समाजाने कशाला किती मोल दिले, हे तेथे आकड्यांत नोंदलेले असते. अमेरिकेतील 'मिस अमेरिका' ही स्पर्धा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. १९२१ मध्ये सौंदर्यस्पर्धा म्हणून सुरू झालेली ही स्पर्धा पुढे स्वतःला शिष्यवृत्ती आणि समाजसेवेची स्पर्धा म्हणवू लागली. हे स्थित्यंतर तिच्या परीक्षणपद्धतीत कितपत उतरले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रारंभ : अवयवांचे गुण

न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी हे समुद्रकिनाऱ्यावरील पर्यटनस्थळ. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनानंतर तेथील गर्दी ओसरत असे. पर्यटकांचा मुक्काम लांबावा या व्यापारी हेतूने तेथील व्यावसायिकांनी जो उत्सव भरवला, त्याचाच एक भाग म्हणून १९२१ मध्ये ही स्पर्धा झाली. वॉशिंग्टनची सोळा वर्षांची मार्गारेट गोरमन विजयी ठरली. प्रसिद्ध चित्रकार हॉवर्ड चँडलर क्रिस्टी हे परीक्षकांपैकी एक होते. स्त्रीदेहाकडे चित्रविषय म्हणून पाहणारी दृष्टी परीक्षणात आरंभापासूनच होती.

१९२० च्या दशकातील शंभर गुणांचा तक्ता या दृष्टीला दुजोरा देतो. मस्तकाच्या ठेवणीस १५ गुण. डोळे, चेहऱ्यावरील भाव, धड, पाय, बाहू, हात आणि चालण्यातील डौल यांस प्रत्येकी १०. केस, नाक व तोंड यांस प्रत्येकी ५. स्पर्धक काय बोलते, काय शिकली आहे, काय करू इच्छिते, यासाठी या तक्त्यात एकही गुण नव्हता. मोजणी काटेकोर होती, पण मोजले जात होते ते केवळ शरीर. स्पर्धेमुळे गावाच्या प्रतिष्ठेला बाधा येते अशी ओरड झाल्याने १९२८ ते १९३२ या काळात ती भरलीच नाही.

प्रतिष्ठेचा शोध : कलागुण आणि शिष्यवृत्ती

१९३५ मध्ये लेनोरा स्लॉटर या स्पर्धेच्या कामात आल्या. पुढे १९४१ पासून १९६७ पर्यंत कार्यकारी संचालक म्हणून त्यांनीच तिची सूत्रे सांभाळली. मध्यमवर्गीय कुटुंबांनी आपल्या मुली निःशंकपणे पाठवाव्यात, असे रूप स्पर्धेला देणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. १९३५ मध्ये कलागुणांची फेरी आली आणि १९३८ मध्ये ती सक्तीची झाली. गायन, वादन, नृत्य यांना गुण मिळू लागताच तक्त्यात प्रथमच अशी बाब आली, जी जन्मजात नसून श्रमाने मिळवावी लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ची विजेती जीन बार्टेल हिने देशभर फिरून सुमारे २५ लाख डॉलरचे युद्धरोखे विकले. या दौऱ्यात तिचा महाविद्यालयीन विद्यार्थिनींशी जो संवाद झाला, त्यातून शिष्यवृत्तीच्या कल्पनेला चालना मिळाली. १९४५ मध्ये पहिली ५,००० डॉलरची शिष्यवृत्ती बेस मायरसन हिला मिळाली. ती हंटर महाविद्यालयाची पदवीधर आणि ही स्पर्धा जिंकणारी पहिली ज्यू तरुणी होती. 'ज्यू वाटणार नाही' असे नाव घेण्याची स्लॉटर यांची सूचना तिने नाकारली होती. विजयानंतर पुरस्कर्त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, तेव्हा ती शाळाशाळांतून वंशद्वेषाविरुद्ध व्याख्याने देत फिरली.

हा प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मायरसनने केलेल्या या सेवेला गुणतक्त्यात कोठेही स्थान नव्हते. ती मुकुट मिळाल्यानंतर आणि काही अंशी त्या मुकुटाची किंमत मोजून केलेली सेवा होती.

तक्त्याबाहेरची अट

ज्या स्लॉटर यांनी शिष्यवृत्ती आणली, त्यांच्याच कारकिर्दीत स्पर्धेच्या सातव्या नियमानुसार स्पर्धक श्वेतवर्णीय असणे आवश्यक होते. ही अट १९५० पर्यंत दूर झाली; परंतु राष्ट्रीय स्पर्धेत पहिली कृष्णवर्णीय स्पर्धक, आयोवा राज्याची शेरिल ब्राउन, १९७० मध्ये आली. म्हणजे नियम गेला तरी वीस वर्षे निवड बदलली नाही. परीक्षण केवळ अंतिम मंचावर होत नसते. गावपातळीवर कोणाला प्रवेश मिळतो, शिकवणी व पोशाख यांचा खर्च कोणाला परवडतो, यावरही ते आधीच घडत असते.

७ सप्टेंबर १९६८ रोजी अटलांटिक सिटीत स्त्रीमुक्तीवादी कार्यकर्त्यांनी निदर्शने केली आणि एका मेंढीला मुकुट घालून स्पर्धेचे विडंबन केले. त्याच सुमारास त्याच शहरात 'मिस ब्लॅक अमेरिका' ही पर्यायी स्पर्धा भरली. पहिल्या घटनेने मोजमापाच्या कल्पनेलाच आव्हान दिले, तर दुसरीने त्या मोजमापातून आपल्याला वगळल्याबद्दल जाब विचारला. दोन्ही आक्षेप एकाच संस्थेवर असले तरी त्यांचा रोख भिन्न होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सेवा : कृतीकडून अटीकडे

१९८७ मध्ये मिशिगनची के लानी रे राफको ही परिचारिका विजयी झाली. मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेचा विषय तिने वर्षभर लोकांसमोर मांडला. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर १९८९ पासून प्रत्येक स्पर्धकाने एक सामाजिक विषय निवडावा, असा दंडक झाला. या विषयाला तेव्हा तेथे 'प्लॅटफॉर्म' म्हणत.

येथे एक मूलभूत अडचण उद्भवते. २०१० च्या दशकातील गुणविभागणी पाहिली तर कलागुणांस ३५ टक्के, खासगी मुलाखतीस २५, सायंकालीन पोशाखास २०, पोहण्याच्या पोशाखातील फेरीस १५ आणि मंचावरील प्रश्नास ५ टक्के भार दिलेला दिसतो. सेवेसाठी स्वतंत्र रकाना नाही. सुमारे दहा मिनिटांच्या मुलाखतीत स्पर्धक आपल्या कार्याविषयी जे सांगते, त्यावरून परीक्षक तिचे मूल्यमापन करतात. अर्थात येथे मोजली जाते ती सेवा नव्हे, तर सेवेविषयीचे वक्तृत्व. जिला बोलता येते तिची सेवा मोठी ठरते. जी अबोलपणे काम करते तिची सेवा तक्त्यात उमटत नाही.

तरीही ही अट निरर्थक होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९४ मध्ये विजयी झालेली कर्णबधिर हेदर व्हाइटस्टोन किंवा २०१३ मध्ये विजयी झालेली पहिली भारतीय वंशाची विजेती नीना दवुलुरी यांना या अटीमुळे एक अधिकृत व्यासपीठ लाभले. दवुलुरीने सांस्कृतिक वैविध्याचा विषय निवडला होता, तर कलागुणांच्या फेरीत शास्त्रीय नृत्य आणि बॉलिवूड यांचा मेळ घातला होता. तिच्या विजयानंतर समाजमाध्यमांतून वर्णद्वेषी शेरे उमटले. भारतात मात्र, आपल्याकडे सावळ्या वर्णाला असा मान मिळाला असता काय, ही चर्चा झाली. परीक्षकांपुढे मांडलेला विषय अशा रीतीने निकालानंतर प्रत्यक्षात कसोटीस लागला.

आकड्यांची परीक्षा

शिष्यवृत्तीच्या दाव्याचीही एकदा परीक्षा झाली. दरवर्षी ४ कोटी ५० लाख डॉलरच्या शिष्यवृत्त्या उपलब्ध करून दिल्या जातात, असे संस्था सांगत असे. २०१४ मध्ये जॉन ऑलिव्हर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने संस्थेचे करविषयक दस्तऐवज तपासून दाखवले, की एकाच शिष्यवृत्तीचा देकार अनेक स्पर्धकांच्या नावे पुनःपुन्हा मोजला जात होता. 'उपलब्ध' आणि 'प्रत्यक्षात दिलेली' या दोन शब्दांत कोट्यवधींचे अंतर होते. मात्र केवळ स्त्रियांसाठी इतकी रक्कम देणारी दुसरी मोठी संस्था त्या कार्यक्रमालाही आढळली नाही, हेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

२०१८ मध्ये पोहण्याच्या पोशाखातील फेरी रद्द झाली. २०१९ च्या अखेरीस व्हर्जिनियाची कॅमिल श्रायर कलागुणांच्या फेरीत रसायनशास्त्राचा प्रयोग करून विजयी झाली. पुढे शारीरिक तंदुरुस्तीची फेरी व्यायामाच्या पोशाखात पुन्हा आली. देह तक्त्यातून बाहेर गेला आणि निराळ्या नावाने परतला, असेच म्हणावे लागते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की या स्पर्धेच्या गुणतक्त्यात जुने रकाने सहसा पुसले गेले नाहीत. त्यांच्या शेजारी नवे रकाने आखले गेले. कलागुण, मुलाखत आणि सामाजिक विषय यांनी स्पर्धेला प्रतिष्ठा दिली आणि अनेक तरुणींना शिक्षणाचा खर्चही दिला. परंतु सेवेला अट बनवताच तिचे रूपांतर सादरीकरणात झाले. बेस मायरसनच्या व्याख्यानांना कोणी गुण दिले नव्हते, आणि त्यांचे मोल नेमके तेथेच आहे.

मूल्यमापन हे ज्यांचे नित्यकर्म आहे अशा आपणा अध्यापकांना हा इतिहास परका वाटू नये. विद्यार्थ्याच्या समाजकार्याला आपणही गुण देतो, आणि बहुधा त्याचा अहवाल वाचूनच देतो. अहवाल उत्तम म्हणून कार्य उत्तम, हे अनुमान किती वेळा आपण तपासून पाहतो? गुणतक्ता आखणाऱ्याने, तक्त्यात काय मावत नाही, याचीही नोंद ठेवली पाहिजे, हाच या शंभर वर्षांच्या इतिहासाचा बोध होय.